सोवळ्यातील नेवऱ्या

श्रोतेहो, चतुर्थी जवळ आली की आकाशवाणीला आमच्यासारख्या वयस्क गृहिणींची आठवण व्हावी, हे साहजिकच आहे. ‘चवथीच्या फराळाविषयी काही बोला’ असा निरोप आला, तेव्हा माझ्याकडून नेवऱ्या, लाडू, पातोळ्या यांच्या पाककृतींची अपेक्षा असणार, हे मी ओळखले. परंतु पाककृती तुम्हा सर्वांच्या घरी आहेत आणि त्या माझ्याहून चांगल्या असण्याचा संभव आहे. शिवाय रेडिओवरून तळणीचा वास काही तुमच्यापर्यंत पोचवता येत नाही; आणि ज्याचा वास नाही त्या पदार्थाचे वर्णन ऐकून कोणाचे समाधान झाले आहे? तेव्हा नेवरी कशी करावी हे मी आज सांगणार नाही. नेवरीच्या आत जे जाते ते आपल्या घरी कोठून येते आणि कोणाच्या हातून येते, एवढ्यापुरतेच माझे बोलणे आहे.

माझे माहेर डिचोली महालातले आणि सासर पेडण्याचे. गोव्याबाहेरील श्रोत्यांसाठी सांगितले पाहिजे की, आमच्याकडे लेकीच्या लग्नानंतर पहिली चतुर्थी आली म्हणजे माहेरून तिच्या सासरी फराळाचे ओझे जाते. आमच्या बोलीत त्याला ‘वजे’ म्हणतात. नेवऱ्या, लाडू, चिवडा, शेव, फळफळावळ, नारळ असे सारे टोपल्यांतून भरून नेतात आणि सासरच्या घरी ते एकट्याने खायचे नसते. वाड्यावरील प्रत्येक घरी त्यातला वाटा गेला पाहिजे. ‘अमक्याच्या सुनेचे वजे आले’ ही बातमी वाड्यात पोचते ती या वाट्यांबरोबरच. म्हणजे वजे हा नुसता खाऊ नव्हे. एका घराने दुसऱ्या घराला आणि त्या घराने साऱ्या वाड्याला दिलेला तो शब्द असतो. म्हणूनच त्याच्याविषयी आमच्या आया इतक्या हळव्या असत. नेवरीची मुरड सुटली तर चालत नसे. लेक मुरडून माहेरी यावी म्हणून तर ती मुरड घालायची!

माझ्या लहानपणीचे आमचे स्वयंपाकघर मला आजही स्वच्छ दिसते. गोवा मुक्त होऊन एक-दोन वर्षेच झाली होती आणि मी आठ-नऊ वर्षांची असेन. माझ्या आत्याच्या पहिल्या वज्याची तयारी चालली होती. आई, आजी आणि काकू पहाटे न्हाऊन सोवळ्याने चुलीपुढे बसत. आम्हां मुलांना उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याची मनाई असे. चुकून स्पर्श झालाच, तर सारे पीठ बाजूला ठेवावे लागेल, अशी धमकी मिळे. कढईत तूप तापले की आजी नेवरीचा एक लहानसा तुकडा आधी अग्नीला देई आणि मगच पहिला घाणा पडे. त्या पावित्र्याचा माझ्या बालमनावर मोठा दरारा होता.

त्याच वेळी मागच्या अंगणात आमच्या कुळाची बाई तांदूळ कांडीत असे. आम्ही मुले तिला ‘माय’ म्हणत असू. चार दिवस आधीपासून ती येई. माडावरून पाडलेले नारळ सोलणे, तांदूळ भिजवून, वाळवून, उखळात कांडून त्याचे पीठ करणे, केळीची आणि हळदीची पाने आणणे, सरपण फोडणे, ही सारी कामे तिची आणि तिच्या मुलांची. ते नारळ ज्या माडांचे, त्यांना पाणी तिच्याच नवऱ्याने घातलेले असे आणि ते तांदूळही त्याच्याच घामातून उगवलेले. खंडाच्या रूपाने ते आमच्या घरी आलेले असत, एवढेच. तिने सोललेला नारळ आमच्या सोवळ्याला चाले, तिने कांडलेले पीठ चाले. ती मात्र चालत नसे. त्या वयात मला यात काही वावगे वाटले नाही. वाटले ते निराळ्याच गोष्टीने.

आमच्या घरी नेवऱ्यांचे दोन प्रकार होत. पहिले घाणे तुपातले. देवाचे आणि वज्याचे. त्यांत ओल्या खोबऱ्याचे चून कडेपर्यंत भरलेले, वेलचीचा वास आणि पारी पापडासारखी पातळ. रात्री उशिरा, बायकांचे हात दुखू लागल्यावर, शेवटचे घाणे पडत ते खोबरेल तेलात. उरलेल्या चुनात भाजलेला रवा मिसळून ते वाढवलेले असे आणि पारी जाड. या नेवऱ्या कामाच्या माणसांच्या. दोन्ही दिसायला सारख्याच, कारण मुरड दोन्हींना घातलेली. दुसऱ्या दिवशी केळीच्या पानावर पाच नेवऱ्या घेऊन मला पडवीत पाठवण्यात आले. मायने एक नेवरी उचलली, ती दोन्ही बोटांनी मोडली आणि आत पाहिले. ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघून हसली, अर्धी खाल्ली आणि उरलेल्या साडेचार पदराला बांधून घरी घेऊन गेली. तिचे ते आत पाहणे मी आज साठ वर्षांनंतरही विसरू शकलेले नाही. तिला सारे ठाऊक होते, आणि तिला ठाऊक आहे हे मला त्या क्षणी कळले.

माझ्या आईविषयी तुम्ही वाईट मत करून घ्यावे म्हणून मी हे सांगत नाही. ती दयाळू बाई होती. मायच्या मुलाला ताप आला तेव्हा तिने रात्रभर काढे करून पाठवले होते. परंतु आमचे सारे सोवळे चुलीपासून उंबरठ्यापर्यंत होते. उंबरठ्याच्या पलीकडे ते गेलेच नाही. पाण्याचा थेंब कोणत्या घागरीतला, याचा आम्ही कसून तपास करीत असू. नारळ कोणत्या हिशेबातला, हा प्रश्न मात्र कोणाच्या ओठांवर आला नाही. देवापुढे जे ठेवायचे आणि लेकीच्या सासरी जे पाठवायचे, ते शुद्ध असावे ही आमची समजूत मुळात खरीच होती. पण ती अर्ध्या वाटेत थांबली.

पुढे काळ बदलला. १९६४ साली कूळ कायदा आला आणि खंड पिकाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक घेता येणार नाही असे ठरले. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावून लावण्यास बंदी करणारा कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीने तर कसणारा कूळच शेताचा मालक ठरला. हे कायदे कागदावरून शेतापर्यंत पोचायला किती वर्षे लागली, किती खटले मामलेदाराच्या कचेरीत पडून राहिले, ती कथा निराळी आहे आणि ती माझ्याहून जाणत्या माणसांनी सांगावी. मी माझ्यापुरते सांगते. माझे लग्न १९७७ साली झाले. माझ्या पहिल्या वज्याच्या वेळी आमच्या घरी खंडाचे तांदूळ आले नव्हते. वडिलांनी साखळीच्या बाजारातून पैसे मोजून तांदूळ आणले. घरात त्याची कुजबुज झाली, आजीने तर डोळ्यांना पदर लावला. मला मात्र पेडण्यास जाणाऱ्या त्या टोपल्यांकडे पाहून एक प्रकारचे हलके वाटले. ते का, हे तेव्हा सांगता आले नसते.

श्रोतेहो, इथवर ऐकून कोणी म्हणेल की, आता तो प्रश्न सुटला. आता कोणाकडे खंड येत नाही, सारेच बाजारातून विकत आणतात. पैसे दिले, माल घेतला. मग माल शुद्धच झाला. मलाही बरीच वर्षे असेच वाटत असे. परंतु बाजाराचीही एक मागची पडवी असते. फरक इतकाच, की तेथे बसलेली बाई आपल्याला दिसत नाही.

साखरेचेच पाहा. आपल्याकडे सत्तरच्या दशकात धारबांदोड्याला संजीवनी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. काही वर्षांपूर्वी त्याचे गाळपही थांबले. आपल्या नेवरीतली साखर घाटावरून येते. ती ज्या उसापासून होते, त्यातला पुष्कळसा ऊस बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेली जोडपी तोडतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरायचा, मुकादमाकडून आधीच ‘उचल’ घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पाचसहा महिने फडात राबायचे. एक दिवस खाडा झाला की दंड. बाईला महिन्याच्या महिन्याला जे शरीरधर्म असतात, त्यांचाही खाडा! या भयाने, आणि गैरवाजवी वैद्यकीय सल्ल्याने, कितीतरी तरुण बायकांनी गर्भाशय काढून टाकल्याचे २०१९ साली उघड झाले. महाराष्ट्र शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. हा आकडा मी वर्तमानपत्रात वाचला, तेव्हा माझ्यापुढे पिठीसाखरेची परात होती. मुलीच्या ओटीत घालण्यासाठी, तिला मूलबाळ व्हावे अशा आशीर्वादाने पाठवायच्या लाडवांसाठी ती साखर होती. पुढचे मी बोलून दाखवायला नको.

साखरेविषयी असा विचार करणारी मी पहिली बाई खचित नव्हे. १७९१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव फेटाळला, तेव्हा तेथील सामान्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजमधील गुलामांनी पिकवलेली साखर खाणे सोडले. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे तीन लाख लोक या व्रतात होते, आणि त्यात पुढाकार बायकांचा होता. कारण चहाची किटली त्यांच्या हाती होती. मताचा अधिकार नसलेल्या बायकांनी साखरेच्या भांड्याचे झाकण लावून आपले मत दिले. पुढे तेथे साखरेची अशी भांडी निघाली, की ज्यांवर ‘ही साखर गुलामांनी केलेली नाही, ईस्ट इंडियाची आहे’ अशा अर्थाची सोनेरी अक्षरे असत. ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्याकडची! कंपनीच्या अमलाखाली हिंदुस्थानातील रयत किती सुखात होती, हे त्या सोनेरी अक्षरांना ठाऊक नव्हते. तेव्हा चांगल्या बुद्धीने केलेली निवडही पूर्ण निर्मळ असतेच असे नाही, हेही त्याच भांड्याने मला शिकवले. तरीदेखील ते झाकण लावणे व्यर्थ गेले असे मी म्हणणार नाही.

आमच्या पेडण्याच्या घरी गेली काही वर्षे आम्ही पातोळ्यांना आणि नेवऱ्यांच्या काही घाण्यांना माडाचा गूळ वापरतो. तो काळा, किंचित धुराच्या वासाचा असतो. त्याच्या नेवऱ्या काळपट दिसतात आणि वज्याच्या टोपलीत शोभत नाहीत, असे माझ्या जावेचे म्हणणे आहे व ते खरे आहे. पण हा गूळ कसा होतो हे ज्याने पाहिले असेल, तो त्याच्या रंगाला नाव ठेवणार नाही. माड सुरेसाठी लावला की रेंदेराला दिवसातून तीन वेळा त्यावर चढावे लागते. पोय बांधायची, टोचायची, तिची कड रोज तासायची, मडके उतरवायचे, पावसाळ्यात बुळबुळीत झालेल्या खोडावरून. सुरेला आंबू न देता ती रेंदेराच्या घरच्या बायका चुलीवर आटवत बसतात, धुराने डोळे लाल होईपर्यंत. इतक्या श्रमाला बाजारात मोल मिळत नाही. मग पोर बापाचा धंदा का करील? तो हॉटेलात नोकरी धरतो किंवा आखातात जातो, आणि रेंदेर दरवर्षी कमी होत जातात. मग बाजारात माडाच्या गुळाच्या नावाखाली निम्मी साखर मिसळलेली ढेप येते. म्हणजे ज्या साखरेला टाळायचे म्हणून तुम्ही गूळ घेतलात, तीच वेष बदलून तुमच्या परातीत उतरली!

यावर उपाय एकच मला सापडला, आणि तो अगदी जुना आहे. करणाऱ्याचे घर ठाऊक असावे. आमचा गूळ ज्या घरातून येतो, ते घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथील बाई जो भाव सांगते, तो दुकानातील भावाहून बराच अधिक असतो. पहिल्या वर्षी मी सवयीप्रमाणे घासाघीस केली. ती म्हणाली, ‘बाय, तू एकदा माडावर चढून बघ, आणि मग भाव तूच सांग.’ त्यानंतर मी भाव केलेला नाही. अर्थात गूळ महाग म्हणून नेवऱ्या कमी झाल्या. पूर्वी आमच्या वज्यात शेकड्यांनी नेवऱ्या जात, आता त्याच्या निम्म्याही जात नाहीत. वाड्यावर वाटा पोचतो, पण लहान पोचतो. याबद्दल कोणी माझ्या तोंडावर काही बोलले नाही. पाठीमागे बोलले असतील तर तो त्यांचा हक्क आहे.

काजूची गोष्ट थोडक्यात सांगते. पेडण्याच्या डोंगरउतारांवर काजू आहे आणि फाल्गुन-चैत्रात आमची मुले त्याखालीच वाढली. मोपाच्या पठारावरील काजूची झाडे विमानतळासाठी गेली. २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडतात आणि त्याच वर्षी गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले. हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. आफ्रिकेतून आलेली बी येथे फोडून गोव्याची म्हणून विकतात, अशी तक्रार पुष्कळदा कानांवर येते. मानांकनाने तिला आळा बसला तर चांगलेच. पण माझी नजर जाते ती बी फोडणाऱ्या बाईच्या हातांकडे. काजूच्या कवचात जे तेल असते, त्याने कातडी भाजून निघते. बोटे काळी पडतात, सालपटे निघतात. पांढराशुभ्र अख्खा गर लाडवावर लावताना तो अख्खा राहावा म्हणून कोणी किती जपून फोडला असेल, याचा विचार केला तर तुकडा काजू वापरण्यात काही कमीपणा नाही. तुकड्याची चव तीच असते.

आता जे सांगायचे आहे ते सांगणे मला कठीण जाते. पण ते गाळले तर आतापर्यंतचे सारे बोलणे ढोंग ठरेल. माझ्या मुलीचे पहिले वजे आम्ही २००७ साली पाठवले. त्या वर्षी डिचोलीत खाणीचा पैसा नुसता वाहत होता. चीनला लोखंड हवे होते आणि आमच्या डोंगरात ते होते. माझ्या धाकट्या भावाने कर्ज काढून टिपर घेतला होता आणि तो दिवसरात्र धावत होता. ‘भाचीचे वजे मामाच्या मानाला साजेसे झाले पाहिजे’ म्हणून त्याने तुपाचे डबे, बदाम-पिस्ते, काजूची पोती, सारे स्वतः आणून टाकले. तसे वजे आमच्या दोन्ही घराण्यांत पूर्वी झाले नव्हते व पुढेही झाले नाही. सासरच्या माणसांनी फोटो काढून ठेवले.

त्याच पावसाळ्यात मी माहेरी गेले होते. रस्त्याच्या कडेचे माड धुळीने तांबडे झालेले आणि त्यांचे नारळ गळून पडलेले. शिरगावच्या विहिरी आटल्या, मुळगावच्या शेतांत खाणीचा गाळ उतरला, हे त्या काळी सर्वांच्या तोंडी होते. मायच्या घरचे शेत, जे कायद्याने अखेर त्यांच्या नावावर झाले होते, त्यातही वरच्या डोंगरावरून लाल चिखल आला होता आणि रोप त्यात बुडाले होते. शेताची मालकी मिळाली, आणि शेतच गेले. त्या चिखलाकडे पाहत मी उभी होते आणि माझ्या पिशवीत भाच्यांसाठी त्याच वज्यातल्या उरलेल्या नेवऱ्या होत्या. तुपातल्या, चून कडेपर्यंत भरलेल्या.

माझ्या भावाला मी दोष देत नाही. खाणीने कितीतरी घरांत चूल पेटवली हेही तितकेच खरे आहे, आणि जेव्हा २०१२ साली व पुन्हा २०१८ साली न्यायालयाच्या आदेशांनी खाणी थांबल्या, तेव्हा कर्जाच्या ओझ्याखाली तीच घरे वाकली. भावाचा टिपर अंगणात उभा राहून गंजला. आता लिलावानंतर २०२४ साली डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली आहे. कोणी सुटकेचा श्वास टाकला, कोणाला धडकी भरली. एकाच वाड्यावर, कधी एकाच घरात. यातून मार्ग काढण्याइतके माझे ज्ञान नाही. मला इतकेच कळते, की त्या वर्षीच्या नेवऱ्या आईच्या शेवटच्या घाण्याच्या नेवऱ्यांहून वेगळ्या नव्हत्या. बाहेरून सुंदर मुरड. आत काय, ते मोडून पाहणाऱ्यालाच दिसावे.

गेल्या नाताळात माझी नात घरी केक भाजत होती. तिला त्यात चांगले यश येते. शेजारीपाजारी तिच्या केकची वाट पाहतात, आणि हल्ली वज्यातही केक जाऊ लागले आहेत, हे आपण सारे जाणतोच. तिने कोकोची पुडी माझ्यापुढे धरून विचारले, ‘आजी, तू गुळाचे घर ओळखतेस. याचे घर कोठे?’ मी तिला उत्तर देऊ शकले नाही. पुढे तिनेच वाचून मला सांगितले. जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत होतो. तेथील बागांत लहान मुले कोयते चालवतात. हे थांबवू, असे मोठ्या चॉकलेट कारखानदारांनी २००१ साली लिहून दिले. तरी २०२० सालच्या एका पाहणीत त्या दोन देशांत कोकोच्या कामावरील मुलांची संख्या पंधरा लाखांवर भरली. नातीने त्या वर्षी कोकोचा केक केला नाही. तिने बाठ केली. रवा, खोवलेला नारळ, अंडी. वर लोणी लावून भाजलेली. तिच्या मैत्रिणींनी नाके मुरडली की नाही, मला ठाऊक नाही. मी दोन तुकडे खाल्ले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. हे सारे चोचले सुखवस्तू माणसांचे. ज्या घरी चवथीला साखरच मोजून आणावी लागते, तेथे गुळाच्या ढेपेची वंशावळ कोण विचारणार? खरे आहे. ज्या बाईला परवडत नाही, तिने स्वस्तातली साखर आणून मुलांना गोड खाऊ घातले तर त्यात यत्किंचितही पाप नाही. विचारण्याची जबाबदारी आहे ती आमच्यासारख्यांवर, ज्यांना विचारणे परवडते. तिथेही प्रत्येक जिन्नसाचे मूळ शोधायचे म्हटले तर चतुर्थी संपून तुळशीचे लग्न येईल आणि नेवऱ्या व्हायच्या राहतील. मी दरवर्षी एका जिन्नसापुरते विचारते. एका वर्षी तांदूळ, एका वर्षी गूळ, एका वर्षी तूप. तेलाचे अजून जमलेले नाही.

आणि ज्या बहिणी स्वतः फराळ करीत नाहीत, बचत गटांकडून मागवतात, त्यांनी तर उलट आनंदाने मागवावे. मात्र तेथे शेकड्याचा भाव पाडून मागू नये. मोठ्या मॉलमध्ये पेटीवर छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो आणि रात्रभर तळणीपुढे बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो, हे मी स्वतःही केले आहे.

सासऱ्यांच्या निधनानंतरचे वर्ष मला आठवते. दुखवट्याच्या वर्षी घरात गोडाचे तळण करायचे नसते. ज्यांच्या घरी कढई चढत नाही, त्यांना शेजाऱ्यांनी द्यायचे, हा रिवाज आपल्याकडे हिंदूंत आहे तसाच ख्रिस्ती बांधवांतही आहे. त्या नाताळात हरमलच्या एका ख्रिस्ती कुटुंबातून आमच्याकडे कुस्वाराचे ताट आले. दोदोल, नेवऱ्या आणि बिबिंकेचा एक जाड तुकडा. बिबिंक म्हणजे धीराची परीक्षा. नारळाचा रस, अंड्यांचा बलक, पीठ, साखर, तूप यांचे मिश्रण. एक थर ओतायचा, वर निखारे ठेवून भाजायचा, मग दुसरा, असे सात थर. त्या घरची मंडळी फार बेताच्या परिस्थितीतली होती. अंडी त्यांच्याच कोंबड्यांची, नारळ त्यांच्याच परसातला. माझ्या सासूबाईंनी अंडे कधी तोंडाला लावले नव्हते. त्या दिवशी त्यांनी ताट कपाळाला लावले आणि मुलांत वाटले. ताट रिकामे परत करायचे नसते, पण घरात गोड नव्हते. त्यांनी त्यात आमच्या शेताचे चार शेर तांदूळ घालून ते पाठवले. ते तांदूळ मात्र सासूबाईंनी स्वतः लावलेल्या रोपांचे होते, हे त्यांनी निरोपाबरोबर आवर्जून कळवले.

यंदा चतुर्थीच्या आधी मी डिचोलीला गेले होते. माय जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तिच्या सुनेने आणि नातवांनी शेतातला गाळ थोडा थोडा उपसून दोन तुकडे पुन्हा लावणीखाली आणले आहेत. मी तिच्याकडून पातोळ्यांसाठी तांदूळ घेतले. तिने भाव सांगितला, मी पैसे मोजले. तिने मापावर दोन मुठी आणखी टाकल्या, तेव्हा मीही डबा पुढे केला. घरी केलेल्या पहिल्या घाण्याच्या नेवऱ्या होत्या, काळ्या गुळाच्या. तिने एक उचलली, दोन्ही बोटांनी मोडली आणि आत पाहिले. अगदी तसेच. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘सासूबाई सांगायच्या, तुमच्याकडच्या नेवऱ्या आधी मोडून बघायच्या.’ आणि तिने अर्धी तोंडात टाकली.